आठ तास अंथरुणात, झोप मात्र साडेपाच तास

२०१९ साली फिटबिट या मनगटी पट्टे विकणाऱ्या कंपनीने आपल्या ग्राहकांच्या झोपेचे आकडे जाहीर केले. १८ देशांच्या त्या यादीत सर्वांत कमी झोपणारे जपानी निघाले आणि त्यांच्या खालोखाल भारतीय. भारतीयांची सरासरी झोप होती ७ तास १ मिनिट. त्याच्या बातम्या झाल्या, आपण भारतीय किती कमी झोपतो यावर चर्चाही झाली.

दोन वर्षांनी, २०२१ मध्ये, चेन्नई शहरातल्या कमी उत्पन्नाच्या लोकांच्या मनगटावर असेच यंत्र बांधून केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथली सरासरी झोप निघाली साडेपाच तास.

दोन्ही आकडे भारतीयांचेच, दोन्ही यंत्राने मोजलेले. तरी दीड तासाचा फरक! पहिल्या आकड्यात कोण होते, ते आधी बघायला हवे. त्या काळी काही हजार रुपये देऊन पट्टा विकत घेणारा, रोज चार्ज करणारा, इंटरनेटला जोडणारा माणूस त्या आकड्यात होता. त्याच्या घरी बहुधा झोपायची वेगळी खोली आणि डोक्यावर स्लॅब. आपल्या नाशिकच्या फुलेनगरातला, भीमवाडीतला किंवा स्वारबाबानगरातला माणूस त्या सरासरीत जवळपास नव्हताच. 'भारतीय माणूस सात तास झोपतो' असे कुणी म्हटले की हे लक्षात ठेवावे. सरासरी कुणाकुणाची काढली, हा पहिला प्रश्न. किती आली, हा दुसरा.

आता हजार-दीड हजारांची स्मार्टवॉच वस्तीतल्या पोरांच्या हातातही आली आहेत. सकाळी उठून 'माझा स्लीप स्कोअर ६२' असे एकमेकांना दाखवणे चालते. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर हाच विषय घेतला आहे. मनगटावरचे यंत्र झोप कशी मोजते, त्या आकड्यावर किती विश्वास ठेवावा आणि आपल्यासारख्यांच्या झोपेबद्दल त्यातून काय कळते, ते बघू.

विचारले तर वेगळे, मोजले तर वेगळे

झोप मोजायचा सोपा मार्ग म्हणजे माणसाला विचारणे. असा एक मोठा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात आपल्या महाराष्ट्रातले एक ठिकाण होते. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातले, भीमा कोरेगावजवळचे वढू. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राचे काम त्या परिसरातल्या गावांमध्ये चालते. आफ्रिका आणि आशियातल्या आठ देशांतल्या, पन्नाशी ओलांडलेल्या ४३,९३५ स्त्री-पुरुषांना विचारण्यात आले, की गेल्या तीस दिवसांत झोपेचा त्रास किती झाला? वढू भागात गंभीर त्रास सांगणाऱ्या स्त्रिया फक्त ६.५ टक्के आणि पुरुष ४.३ टक्के निघाले. त्याच अभ्यासात बांगलादेशातल्या मतलब या ठिकाणी ४३.९ टक्के स्त्रियांनी आणि २३.६ टक्के पुरुषांनी गंभीर त्रास सांगितला.

मग वढूचे लोक खरोखर इतके सुखाने झोपतात का? झोपतही असतील. शेतावरचे गाव, मोकळी हवा, दिवसभराचे कष्ट. पण दुसरीही शक्यता आहे आणि मला तीच जास्त पटते. आपल्याकडे रात्री चार वेळा उठणे ही तक्रार मानलीच जात नाही. 'झोप कशी लागते?' असे म्हाताऱ्या आत्याला विचारा. 'चांगली लागते की, पडलं की झोप' असे उत्तर येईल. तीच आत्या रात्री दोनला उठून नातवाच्या अंगावर गोधडी घालते, साडेतीनला पाणी पिते आणि पाचला चूल किंवा गॅस पेटवते.

विचारण्यात आणखी एक गोम असते. किती तास झोपता, असे विचारले की बहुतेक माणसे अंथरुणातला वेळ सांगतात. दहाला पडलो, सहाला उठलो, म्हणजे आठ तास. त्यातला डोळा लागलेला वेळ किती, हे झोपलेल्या माणसाला स्वतःला सांगता येत नाही. म्हणून यंत्र लागते.

चेन्नईत काय दिसले

चेन्नईचा अभ्यास पेड्रो बेसोन, गौतम राव, फ्रँक शिलबाख, हेदर स्कोफिल्ड आणि मॅटी टोमा या अर्थशास्त्रज्ञांनी केला आणि तो 'क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स' या नावाजलेल्या नियतकालिकात छापून आला. त्यांनी ४५२ माणसांना सुमारे महिनाभर संगणकावर माहिती भरण्याचे काम दिले आणि मनगटावर 'अ‍ॅक्टिग्राफ' नावाचे घड्याळासारखे यंत्र बांधले. ही माणसे रात्री आपापल्या घरीच झोपत.

आकडा काय आला? माणसे अंथरुणात सरासरी आठ तास होती, झोप झाली साडेपाच तास. अडीच तास गेले झोप येण्याची वाट बघण्यात आणि मध्येमध्ये जाग येण्यात.

इथे एक हिशेब समजून घेऊ, कारण पुढचे सगळे त्यावर आहे. साखर कारखान्यात उसाचा उतारा काढतात. इतक्या टन उसातून इतकी साखर. तसा झोपेचाही उतारा काढता येतो. झोपेचे तास भागिले अंथरुणातले तास, गुणिले शंभर. निरोगी माणसाचा हा उतारा साधारण ८५ टक्के किंवा त्याहून जास्त असावा, असे डॉक्टर मानतात. चेन्नईत तो सत्तरच्या आसपास आला. निद्रानाशाचे किंवा झोपेत श्वास अडकण्याचे रुग्ण असतात, त्यांचा उतारा असा असतो. म्हणजे त्या वस्त्यांतला सर्वसाधारण, धडधाकट माणूस आजारी माणसाइतकी तुटक झोप घेत होता.

'झोपडपट्टीतली माणसे आळशी, दिवसा बघावे तेव्हा पेंगतात' असे बोलणारे आपल्या सगळ्यांना भेटलेले आहेत. बंगल्याच्या गेटवर वॉचमनचा डोळा लागला की त्याचा मोबाईलवर फोटो काढणारेही असतात. त्यांच्यासाठी हा उतारा लिहून ठेवावा. माणूस रात्री आठ तास पडून राहतो आणि त्याला साडेपाच तास मिळतात, तर दिवसा पेंगणे हा स्वभावाचा दोष म्हणता येत नाही.

यंत्राला झोप कशी कळते?

खरे तर कळत नाही. त्याला फक्त हालचाल कळते. मोबाईल आडवा केला की त्यातले चित्रही आडवे होते. ज्या बारीक भागामुळे हे होते, तसाच भाग या पट्ट्यात असतो. दर मिनिटाला किंवा अर्ध्या मिनिटाला मनगट किती हलले, याची तो नोंद ठेवतो. मग एका सूत्राने त्या मिनिटाची हालचाल आणि त्याच्या मागच्या-पुढच्या काही मिनिटांची हालचाल एकत्र तोलली जाते. बेरीज ठरावीक रेषेखाली आली तर 'झोप', वर गेली तर 'जागा'. यातले एक प्रसिद्ध सूत्र कोल आणि क्रिपके या संशोधकांनी १९९२ मध्ये मांडले आणि ते आजही वापरात आहे. प्रयोगशाळेत डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी तपासतात. त्या खऱ्या झोपेशी ताडून ही सूत्रे बसवलेली असतात. नव्या घड्याळांत हिरवा प्रकाश टाकून नाडीही बघतात, पण मूळ आधार हालचालीचाच.

यातली चूक तुमच्या लक्षात आलीच असेल. एखादी आई पोराची फी कशी भरायची या विचारात अंधारात टक्क जागी, पण निपचित पडली असेल, तर यंत्र तिला झोपलेली धरते. झोपलेला माणूस ओळखण्यात ही यंत्रे चांगली, पण न हलता जागा असलेला माणूस ओळखण्यात कच्ची आहेत. त्यामुळे चिंतेने जागणाऱ्याची झोप ती बहुतेक वेळा वाढवून सांगतात. उलट, एका सतरंजीवर चौघे झोपले असतील आणि शेजारच्या पोराच्या लाथा मनगटाला बसत असतील, तर झोपलेला माणूसही 'जागा' म्हणून नोंदला जाऊ शकतो.

भाजीबाजारातला तराजू घ्या. काटा कधी वीस ग्रॅम जास्त दाखवतो, कधी कमी. महिनाभराच्या भाजीत ते इकडचे तिकडे होऊन जाते. पण एखाद्या विक्रेत्याने पारड्याखाली लोहचुंबक चिकटवले असेल, तर रोज तुमचेच नुकसान. वर्षभर घेतलेत तरी ते भरून निघत नाही. आकडेशास्त्रात या दोन चुकांना वेगवेगळे वागवतात. पहिली चूक पुष्कळ माणसे, पुष्कळ रात्री घेतल्या की मिटते, दुसरी मिटत नाही. म्हणून शेकडो माणसांच्या अभ्यासातला साडेपाच तास हा आकडा वजनदार ठरतो, पण तुमच्या घड्याळाने परवा रात्री दाखवलेला चार तास बारा मिनिटे हा आकडा तितका मनावर घेऊ नये. 'डीप स्लीप ४८ मिनिटे' वगैरे जे दाखवतात, ते तर स्वस्त घड्याळात अंदाजपंचेच असते. ते बघून घाबरून आणखी झोप घालवणारे लोक आहेत!

आठ तास हे काय सोनेरी माप आहे?

नाही. २०१५ साली एक अभ्यास आला होता. टांझानियातले हाडझा, नामिबियातले सान आणि बोलिव्हियातले चिमाने हे शिकार, कंदमुळे आणि थोड्याफार शेतीवर जगणारे समाज, वीज नसलेले. त्यांच्या मनगटांवर हीच यंत्रे बांधली. ते रात्री ५.७ ते ७.१ तास झोपत होते आणि त्यांच्यात निद्रानाशाची तक्रार फारशी नव्हती. म्हणजे साडेसहा तास झोपणारा प्रत्येक माणूस आजारी नसतो.

त्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट आपल्या कामाची आहे. हे लोक सूर्य मावळल्याबरोबर झोपत नव्हते, सरासरी तीन तासांहून जास्त वेळाने झोपत. त्यांची झोप रात्रीचे तापमान उतरत असतानाच्या वेळेशी जुळत होती. झोपेला अंधार लागतो तसा गारवाही लागतो. अंग थोडे थंड झाल्याशिवाय झोप नीट धरत नाही.

आता नाशिकचा एप्रिल-मे आठवा. नाशिकची रात्र तशी बरी असते. दहानंतर बाहेर वारा सुटतो, ओट्यावर बसलेल्याला गार वाटते. पण दिवसभर तापलेला पत्रा आणि तापलेल्या विटा आतल्या खोलीत रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतात. बाहेर गारवा, आत भट्टी. खिडकी एकच, तीही डासांमुळे बंद. पंखा तीच गरम हवा फिरवतो. अशा खोलीत माणूस दहाला पडला तरी अंगाला गारवा मिळायला एक वाजतो. आणि पाच वाजता नळ येतो.

उष्णतेचा हिशेबही मनगटी पट्ट्यांच्या आकड्यांतूनच काढला गेला आहे. कोपनहेगन विद्यापीठाचे केल्टन मायनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ६८ देशांतल्या ४७ हजारांहून जास्त लोकांच्या सुमारे ७० लाख रात्री त्या-त्या ठिकाणच्या हवामानाशी ताडून बघितल्या. रात्रीचे तापमान ३० अंशांच्या वर गेले की माणसी सरासरी १४ मिनिटे झोप कमी होते, असे दिसले. म्हाताऱ्यांना याचा फटका दुपटीहून जास्त, बायकांना पुरुषांपेक्षा जास्त, गरीब देशांतल्या लोकांना श्रीमंत देशांतल्यांपेक्षा बराच जास्त.

चौदा मिनिटे ऐकून कुणी म्हणेल, एवढेच? पण ही सरासरी आहे. एसी लावून झोपलेल्याचे शून्य मिनिट आणि दुसऱ्या कुणाचा गेलेला तास एकत्र करून ती काढलेली आहे. शिवाय इथेही पट्टा विकत घेणारेच मोजले गेले. शिवाय मोजले ते बाहेरचे तापमान. पत्र्याखालच्या खोलीतले कुणी मोजले नाही.

लवकर झोपा म्हणून भागेल का?

चेन्नईच्या संशोधकांनी नुसती झोप मोजली नाही, ती वाढवूनही बघितली. माणसांचे गट पाडले. कोण कुठल्या गटात, हे संशोधकांच्या किंवा त्या माणसाच्या मर्जीवर सोडले नव्हते, चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले होते. याला महत्त्व आहे. ज्याला हौस आहे तोच झोप वाढवणार असेल, तर पुढे दिसलेला फायदा झोपेचा की हौसेचा, हे सांगता येत नाही. चिठ्ठ्या टाकल्या की दोन्ही गटांत हौशी, आळशी, तरणे, म्हातारे सारखेच विखुरले जातात.

काही गटांना झोपेची माहिती दिली. गादी, उशी, पंखा, कानात घालायचे बोळे, डोळ्यांवरची पट्टी अशा वस्तू दिल्या. काहींना तर जास्त झोपल्याबद्दल पैसेही दिले. तीन आठवड्यांत रात्रीची झोप सरासरी २७ मिनिटांनी वाढली. तज्ज्ञांचा अंदाज होता, की आता कामाचा वेग वाढेल, डोके चालेल, मन प्रसन्न होईल. तसे काहीच मोजमापात दिसले नाही. उलट कामाचे तास किंचित घटले, कारण माणसे अंथरुणात जास्त वेळ घालवू लागली.

हे वाचून 'म्हणजे झोपेने काही होत नाही' असा निष्कर्ष कुणी काढू नये. 'तीन आठवड्यांत फरक दिसला नाही' आणि 'फरक नसतोच' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रक्तदाब, साखर, हृदय यांवरचा परिणाम तीन आठवड्यांत कळणारही नाही. मला यातले दुसरे काही जास्त महत्त्वाचे वाटते. ती २७ मिनिटे वाढली कशी? माणसे अंथरुणात जास्त वेळ पडून राहिली म्हणून. झोप जोडली गेली नव्हती, तुटकी झोप तेवढी लांबली होती. बाहेरचे कुत्रे, डास, शेजारचा टीव्ही, उकाडा तिथेच होते. चिंध्या कितीही जोडल्या तरी पांघरूण उबदार होतेच असे नाही.

त्याच अभ्यासात दुसरा एक प्रयोग होता. काही जणांना दुपारी कामाच्या ठिकाणीच, शांत जागेत, अर्धा तास झोपू दिले. ही डुलकी कामी आली. कामाचा वेग, मनाची अवस्था आणि एकाग्रता या तिन्हींत सुधारणा मोजता आली. झोपण्यात वेळ गेल्याने कामाचे तास मात्र तेवढे कमी झाले. रात्रीचे २७ मिनिटे जे करू शकले नाहीत, ते दुपारच्या अर्ध्या तासाने केले. शांत जागा मिळाली, हे त्याचे एक कारण असू शकते.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत जाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. सलग पाच तासांहून जास्त काम करून घ्यायचे नाही, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती द्यायची, हे १९४८ च्या कारखाना कायद्यात लिहिले गेले होते. त्याआधी १९४६ मध्ये, बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, आठवड्याचे काम ४८ तासांवर आणणारे विधेयक मांडले गेले होते. जेवणाच्या सुट्टीतला अर्धा तास मोबाईलवर घालवण्याऐवजी डबा खाऊन वीस मिनिटे डोळे मिटले, तर त्याला आळस म्हणू नये. फार लांबवू नये मात्र. तासभर झोपले की उठल्यावर डोके जड होते आणि रात्रीची झोप मागे सरकते.

घड्याळ नको, वही पुरे

झोप मोजायला घड्याळ विकत घ्यायची गरज नाही. शंभर पानी वही घ्या आणि दोन आठवडे रोज सकाळी लिहा. अंथरुणाला पाठ कधी टेकली, अंदाजे डोळा कधी लागला, मध्ये किती वेळा जाग आली, शेवटी कधी उठलो, दिवसा डुलकी घेतली का. आणि शेवटचा, सर्वांत मोठा रकाना ठेवा, जाग कशामुळे आली. हा रकाना कुठल्याच घड्याळात नसतो.

समजा साडेदहाला पडलात, साडेअकराला डोळा लागला, मध्ये सगळा मिळून तासभर जागे होतात आणि पाचला पाणी भरायला उठलात. अंथरुणात साडेसहा तास, झोप साडेचार तास. उतारा ६९ टक्के, म्हणजे चेन्नईएवढाच.

आठवड्याची सरासरी काढताना जपून. समजा सहा रात्री पाच-पाच तास झोपलात आणि रविवारी नऊ तास. बेरीज ३९, भागिले ७, सरासरी साडेपाच तासांहून थोडी जास्त. पण साडेपाच तास तुम्ही एकाही रात्री झोपला नाहीत! म्हणून सातही आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लिहा आणि मधला, म्हणजे चौथा, बघा. तो पाच आहे. नेहमीची रात्र कशी जाते, ते तो खरे सांगतो. फर्स्ट, सेकंड, नाईट अशी पाळी बदलणाऱ्यांनी प्रत्येक पाळीचा हिशेब वेगळा ठेवावा, नाहीतर तीन वेगवेगळ्या माणसांची सरासरी काढल्यासारखे होते.

घरातल्या बायकांची वही वेगळी असावी, पुरुषाच्या वहीवरून तिचा अंदाज बांधू नये. २०१९ च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाचे सरासरी २९९ मिनिटे घरकामात जात होते, पुरुषांचे ९७. हे तीन तास बावीस मिनिटे कुठून तरी काढावे लागतात. कितीतरी घरांत ते रात्रीच्या शेवटच्या आणि पहाटेच्या पहिल्या तासातून निघतात. हिशेब लिहिल्यावर पाणी भरायची पाळी वाटून घ्यायचे ठरले, तर वहीचे पैसे वसूल झाले म्हणायचे.

'कशामुळे' हा रकाना एका गल्लीतल्या पंधरा-वीस घरांनी भरला, तर ते वेगळेच काम होते. नासर्डी किंवा वाघाडीच्या काठच्या गल्लीत वीसपैकी चौदा वह्यांत 'डास' लिहिले असेल, तर महापालिकेच्या मलेरिया विभागाकडे 'डास फार झालेत' एवढेच सांगण्यापेक्षा ते कागद घेऊन जाणे वजनदार ठरते. 'उकाडा' जास्त असेल तर उन्हाळ्याआधी पत्र्याला वरून पांढरा चुना किंवा पांढरा रंग मारून बघावा. अहमदाबादच्या वस्त्यांत उष्णतेपासून बचावाच्या योजनेत अशी छपरे रंगवली गेली आणि आतले तापमान काही अंशांनी उतरते, हा तिथला अनुभव आहे. मच्छरदाणी लावली तर खिडकी उघडी ठेवता येते, हा तिचा दुसरा फायदा फारसा कुणी सांगत नाही.

आणि रकान्यात 'डीजे' असेल तर? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकरला बंदी आहे. वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार १२ पर्यंत सूट देऊ शकते. राहत्या वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल, म्हणजे हळू आवाजातल्या बोलण्याइतकी. वरात असो, गणपती असो की आपल्याच चौकातली जयंती, नियम सगळ्यांना एकच आहे. सकाळी सहाच्या पाळीला जाणारा आणि तान्हे पोर कुशीत घेऊन पडलेली बाई कुठल्या मंडळाची, हे आवाजाला कळत नाही.

वहीने भागत नाही तेव्हा

काही झोपा वस्तीमुळे नाही, आजारामुळे मोडतात. मोठ्याने घोरणे, घोरता घोरता श्वास थांबणे, मग एकदम गुदमरल्यासारखे जागे होणे आणि दिवसा रिक्षा चालवताना किंवा मशीनवर उभे असताना डोळा लागणे. ही लक्षणे घरच्यांना आधी दिसतात. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी मध्यमवयीन पुरुषांच्या झोपेची त्यांच्या घरी तपासणी केली होती, तो अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १९.५ टक्के पुरुषांत झोपेतला श्वास बिघडलेला आढळला आणि ७.५ टक्क्यांत त्याबरोबर दिवसाची पेंगही होती. साधा मनगटी पट्टा हा आजार पकडू शकत नाही. असे घोरणाऱ्याचा रक्तदाब तपासून घ्यावा आणि डॉक्टरांना घोरण्याबद्दल आवर्जून सांगावे. पत्नीने मोबाईलवर दोन मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करून नेला तर डॉक्टरांचे काम सोपे होते.

रात्री पडल्यावर पायांत वळवळ, हलवल्याशिवाय चैन न पडणे, हे बायकांमध्ये बरेच दिसते. त्याचा संबंध पुष्कळदा शरीरातल्या लोहाच्या कमतरतेशी असतो. रक्त तपासून घ्यावे. झोपण्याआधी मशेरी किंवा तंबाखू लावणाऱ्यांनी ती वेळ तरी सोडावी, निकोटिन झोप पळवते. 'थोडी घेतली की झोप लागते' म्हणणाऱ्याची झोप लागते खरी, पण रात्रीच्या दुसऱ्या भागात ती तुटते. वहीत लिहून बघा, दोनच आठवड्यांत दिसेल. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी आणून घेऊ नये.

आठवड्यात तीन किंवा त्याहून जास्त रात्री झोप लागत नसेल आणि असे तीन महिने चालले असेल, किंवा झोपेबरोबर जगण्यावरचे मनच उडाले असेल, तर वाट बघू नये. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. तिथपर्यंत जाणे आज शक्य नसेल तर केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो. फोन मोफत आहे आणि मराठीतून बोलता येते. दवाखान्यात जाताना ती वही मात्र बरोबर न्यावी. 'झोप येत नाही हो डॉक्टर' यापेक्षा दोन आठवड्यांचे तुमच्या हातचे आकडे त्यांना पटकन कळतात.